एकाहत्तर नंबरची ट्राम

लेकीच्या बाळंतपणासाठी व्हिएन्नाला गेले तेव्हा सामानात डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा आणि चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात शिकलेलं जर्मन होतं. लाडू पंधरा दिवसांत संपले. जर्मन मात्र जसंच्या तसं शिल्लक राहिलं, कारण मी शिकले होते ते जर्मन झिमरिंगच्या बाजारात कुणी बोलतच नाही.

झिमरिंग म्हणजे शहराचा अकरावा वॉर्ड, जुनी कामगारवस्ती. लेकीच्या घराखालून ७१ नंबरची ट्राम जाते. एका बाजूची धरली की वीस-पंचवीस मिनिटांत ऑपेरा, दुसऱ्या बाजूची धरली की थेट मध्यवर्ती दफनभूमी. शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या. जिन्यात पहिल्यांदा गाठ पडली तेव्हाच त्यांनी मला हे सांगून टाकलं. "आमच्याकडे कुणी गेलं ना, की म्हणतात, त्याने एकाहत्तर पकडली." आणि स्वतःच खळखळून हसल्या. आपण 'ढगात गेला' म्हणतो, तसंच. पण इथे त्यात नुसती गंमत नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी घोडे आणि गाड्या पुरेनात, तेव्हा शवपेट्या खरोखरच ट्रामने नेल्या जात.

नोव्हेंबर होता. चार वाजता अंधार. बाळ अकरा ते दोन झोपायचं आणि लेक म्हणायची, "आई, तू जा गं फिरून ये. दोघी मिळून त्याच्याकडे काय बघत बसायचंय?" मग मी कोट-टोपी चढवून खाली उतरायची आणि येईल ती ट्राम पकडायची. व्हिएन्ना जी काही मला कळली, ती बहुतेक ७१च्या खिडकीतून.

शहराच्या बाजूला गेलं की ट्राम रिंगरस्त्यावर वळते. तिथे पूर्वी तट होता, १६८३ साली तुर्कांचा वेढा ज्याच्यावर अडला तोच. १८५७च्या डिसेंबरात बादशहा फ्रान्झ योसेफने हुकूम काढला की तट पाडा, आणि त्या जागी रुंद रस्ता आला. १८६५ मध्ये तो खुला झाला आणि पुढची पंचवीसेक वर्षं दोन्ही बाजूंना इमारती उठत राहिल्या. संसद ग्रीक देवळासारखी. तिच्याजवळच नगरपालिका, ती गॉथिक. विद्यापीठ रेनेसाँ थाटाचं, समोरचं नाट्यगृह बरोक. एकही इमारत तेव्हा शंभर वर्षांची नव्हती आणि प्रत्येकीने शेकडो वर्षांपूर्वीचे कपडे घातले होते. लग्नात सगळे भाड्याचे फेटे बांधून उभे राहतात ना, तसं मला पहिल्या दिवशी वाटलं. नंतर कळलं की आडोल्फ लोस नावाच्या वास्तुकाराने १८९८ सालीच या शहराला जवळजवळ हेच ऐकवलं होतं. दर्शनी भिंत सरदाराची, आत भाडेकरू.

आत खरंच भाडेकरू होते, आणि कसे! कामगारवस्तीत 'बेटगेअर' नावाची एक जमात होती. शब्दशः, पलंगापुरता येणारा. खोली नाही, खाट भाड्याने घ्यायची, तीही ठरावीक तासांपुरती. रात्रपाळीचा माणूस उठला की दिवसपाळीचा त्याच गादीवर. हे ऐकल्यावर मला गिरणगाव आठवलं. आमचे एक काका लालबागच्या गाळ्यात वीस जणांत राहायचे, त्यांची वळकटी पाळीप्रमाणे उघडायची. काका संध्याकाळी नाक्यावरच्या इराण्याकडे बसायचे, कारण घरी बसायला जागा नव्हती. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसांचं इतकं कौतुक होतं, पण त्यांच्या भरभराटीमागे हेही एक साधं कारण होतं. घरं थंड आणि अपुरी. एका कपाच्या पैशात शेगडीची ऊब मिळायची, लाकडी दांड्यात अडकवलेली दहा वर्तमानपत्रं मिळायची, टपालसुद्धा तिथल्या पत्त्यावर मागवता यायचं, आणि वेटर 'अजून काय आणू' असं विचारून उठवायचा नाही. अजूनही विचारत नाही. मेलांज मागवली की चांदीसारख्या चकचकीत ताटलीत कप येतो, शेजारी पाण्याचा ग्लास, त्यावर पालथा चमचा. मी एका कपावर पावणेदोन तास काढले आहेत आणि मला कुणी हूं की चूं केलं नाही.

तर त्या टेबलांभोवती कोण बसायचं? इथे मला एक खेळ सापडला. व्हिएन्नाचं ज्याच्यामुळे नाव झालं असा माणूस घ्यायचा आणि त्याचं जन्मगाव बघायचं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड मोराव्हियातल्या फ्रायबर्गचा. संगीतकार माहलर बोहेमियातल्या एका खेड्यातला. 'दी फाकेल' म्हणजे 'मशाल' नावाचं मासिक काढून ज्याने सदतीस वर्षं अख्ख्या शहराला सोलून काढलं तो कार्ल क्राउस यिचीनचा. लोस ब्रनोचा. गणिताची सीमा कुठे संपते ते ज्याने दाखवलं तो ग्योडेलही ब्रनोचा. 'सेसेशन' या बंडखोर कलाकारांच्या संघाची इमारत बांधणारा ओल्ब्रिख ओपावाचा. ही सगळी गावं आजच्या झेक प्रजासत्ताकातली. चित्रकार क्लिम्ट तेवढा इथला, पण त्याचे वडील बोहेमियातून आलेले नक्षीकाम करणारे कारागीर. सगळे रेल्वेने आले, किंवा त्यांचे आईबाप आले. १८६७च्या राज्यघटनेने ज्यूंना कुठेही राहायची, कुठलाही धंदा करायची मोकळीक दिली आणि मोराव्हिया, हंगेरी, गॅलिशियातून गाड्या भरभरून माणसं उतरली. १९१० साली शहरात पावणेदोन लाख ज्यू होते आणि एकूण वस्ती वीस लाखांच्या वर. झेक गवंडी, झेक स्वयंपाकिणी, हंगेरियन, क्रोएट, पोलिश वेगळे. व्हिएन्नाची म्हणून जी पक्वान्नं लेकीने मला खाऊ घातली त्यांतली निम्मी बोहेमियातल्या स्वयंपाकिणींच्या हातची.

सुवर्णकाळ म्हणतात तो कुठून मोजायचा हे प्रत्येकजण आपापल्या सोयीने ठरवतो. मला विचाराल तर १८९७ हे एकच वर्ष घ्या. जानेवारीत ग्रीनश्टाइडल नावाचं लेखकांचं लाडकं कॉफीहाउस पाडायला घेतलं. फेब्रुवारीत माहलरने बाप्तिस्मा घेतला, कारण दरबारी ऑपेराचं संचालकपद ज्यू माणसाला मिळणार नव्हतं. ३ एप्रिलला वृद्ध संगीतकार ब्राम्स गेले, आणि त्याच दिवशी क्लिम्ट आणि मंडळींनी जुन्या कलाकार संघातून फुटून 'सेसेशन' स्थापन केलं. पुढच्या वर्षी त्यांची पांढरी इमारत उभी राहिली, वर सोनेरी पानांचा जाळीदार घुमट. लोकांनी त्याला कोबीचा गड्डा म्हणायला सुरुवात केली. दारावर लिहिलंय : काळाला त्याची कला, कलेला तिचं स्वातंत्र्य. ऑक्टोबरात माहलर ऑपेराचे संचालक झाले.

आणि त्याच एप्रिलमध्ये कार्ल लुएगर महापौर झाला.

लुएगर हा या कहाणीतला मला सर्वांत छळणारा माणूस. ज्यूंविरुद्ध भाषणं ठोकून तो निवडून यायचा. १८९५ पासून बादशहाने त्याच्या निवडीला पुन्हा पुन्हा नकार दिला, शेवटी मान तुकवली. पण महापौर म्हणून? गॅस त्याने शहराच्या मालकीचा केला, ट्राम विजेवर आणली, आल्प्समधून दुसरी जलवाहिनी आणली ती १९१० साली पुरी झाली. लेकीच्या नळाला जे गार, गोड पाणी येतं, ज्यात मी नातवाच्या बाटल्या धुतल्या, ते डोंगरातून येतं आणि त्यातला मोठा वाटा या माणसाचा. मी बसते ती ट्राम आणि पिते ते पाणी, दोन्हीकडे त्याचा हात. तो स्वतः ज्यू मित्रांकडे जेवायला जायचा, आणि कोण ज्यू ते मी ठरवीन असं म्हणायचा असं सांगतात. म्हणजे त्याच्यासाठी द्वेष हा मतं मिळवायचा धंदा होता. मात्र सभेला येणाऱ्या सगळ्यांना ते माहीत नव्हतं. १९०७-०८ मध्ये चित्रकलेच्या अकादमीने दोनदा नापास केलेला एक तरुण तेव्हा या शहरात राहत होता आणि लुएगरच्या कसबाचं त्याला भारी कौतुक होतं.

विद्यापीठासमोरचा रिंगरस्त्याचा तुकडा २०१२ पर्यंत लुएगरच्याच नावाने होता. आता तो विद्यापीठ रिंग. नाव बदललं तेव्हा गदारोळ झाला, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. त्यांचं मत विचारलं तर म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे." आणि दार लावून घेतलं.

विद्यापीठात मी एकदाच उतरले. आत मुख्य जिन्याच्या फरशीत अक्षरं बसवली आहेत, पोरं त्यावरून वर्गात पळत असतात. २२ जून १९३६ ला याच पायऱ्यांवर मोरित्झ श्लिक या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकावर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. श्लिक म्हणजे 'व्हिएन्ना वर्तुळ' या विज्ञाननिष्ठ तत्त्वज्ञांच्या गटाचे कर्ते, आणि ग्योडेल त्याच वर्तुळात घडला. खुनी जुनाच मनोरुग्ण होता, कारण खासगी होतं. पण काही वर्तमानपत्रांनी लिहिलं की ज्यू विचारांच्या प्राध्यापकाला हे व्हायचंच होतं. श्लिक ज्यू नव्हतेच. जर्मन प्रॉटेस्टंट होते. हिटलर आल्यावर खुनी तुरुंगातून लवकर सुटलाही. त्या अक्षरांवर पाय पडू नये म्हणून मी जरा अंग चोरून उभी राहिले, आणि एका पोराने मला 'काही हरवलंय का' असं विचारलं.

ऑपेरापाशी मी अनेकदा उतरायची. माहलर दहा वर्षं इथे होते. खेळ सुरू झाला की दार बंद, उशिरा येणाऱ्याने बाहेर थांबायचं, दिवे मंद करायचे, पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांना हाकलायचं. आज जगभर आपण संगीताला जसे गप्प बसतो ते घडवण्यात या हट्टी माणसाचा मोठा हात आहे. त्यांचे मेव्हणे आर्नोल्ड रोझे तिथल्या वादकमेळ्याचे मुख्य व्हायोलिनवादक होते, सत्तावन्न वर्षं. १९३८ साली त्यांना काढून टाकलं. म्हातारा लंडनला गेला, तिथेच वारला. त्यांची मुलगी आल्मा, तीही व्हायोलिन वाजवायची. आउश्वित्झमध्ये तिच्याकडून स्त्री-कैद्यांचा वाद्यवृंद चालवून घेतला, आणि तिथेच १९४४ मध्ये ती मेली.

एवढं लिहूनही 'शहर उतरणीला लागलं' असा शब्दप्रयोग मला करवत नाही. वय झालं, ताकद ओसरली, असं काहीसं त्यातून वाटतं. १९१८ पुरतं ते खरं आहे. त्या एका वर्षात क्लिम्ट, वास्तुकार ओटो वाग्नर, सेसेशनमधला कोलो मोझर आणि अठ्ठावीस वर्षांचा चित्रकार एगोन शीले, चौघंही गेले. शीलेची गरोदर बायको इन्फ्लुएन्झाने गेली आणि तीन दिवसांनी तो. पाच कोटींचं साम्राज्य मोडून पासष्ट लाखांचा देश उरला, त्यात वीस लाखांची राजधानी. पाण्याने फुगलेल्या डोक्याचं मूल, असं तिला हिणवत. पण तरीही शहर संपलं नव्हतं, हे महत्त्वाचं. समाजवादी नगरपालिकेने साठ हजारांवर घरं बांधली, वर पाळणाघरं, धुलाईघरं, वाचनालयं. त्यातली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे. ग्योडेल, श्लिक, तत्त्वज्ञ पॉपर, हे सगळं १९१८च्या नंतरचं. १९३४ मध्ये देशाच्या सरकारने त्याच घरांवर तोफा डागल्या. उतरण कसली ही? हे धक्के मारून बाहेर काढणं होतं. आधी कामगारांना, मग विचार करणाऱ्यांना, मग ज्यूंना.

१२ मार्च १९३८ ला जर्मन फौजा आल्या. पंधराला हिटलरला ऐकायला हेल्डनप्लात्झवर लोकांचा समुद्र. ट्रामच्या खिडकीतून तो चौक दिसतो, हल्ली तिथे मुलं सायकली चालवतात. पण रस्त्यावरचा छळ लोकांनी फौजेची वाट न बघता सुरू केला होता. डॉक्टर, वकील, म्हाताऱ्या बायका यांना घरातून ओढून फरशांवर गुडघ्यांवर बसवायचं आणि ब्रशने भिंती-रस्त्यांवरच्या घोषणा घासायला लावायच्या. भोवती शेजारीपाजारी हसत उभे. ऑपेरामागच्या चौकात त्याचं स्मारक आहे, १९८८ मधलं. दगडांच्या पायथ्याशी ब्रश घेऊन ओणवा झालेला ब्राँझचा म्हातारा. त्याच्या पाठीवर काटेरी तार आहे, ती मूळची नव्हे. दमलेले पर्यटक पाठीवर टेकून सँडविच खायला लागले म्हणून बसवावी लागली.

फ्रॉइड बेर्गगासे १९ मध्ये सत्तेचाळीस वर्षं राहिले. तिथे आता संग्रहालय आहे, पण रुग्ण ज्यावर आडवे पडून बोलायचे तो प्रसिद्ध कोच तिथे नाही. तो लंडनला. ४ जून १९३८ ला, बराच कर भरून, बऱ्याच ओळखी लावून ते निघाले, तेव्हा घरही सोबत गेलं. खोल्यांमधून फिरताना रिकामी जागाच बघायची असते. चार म्हाताऱ्या बहिणींना परवानगी मिळाली नाही. चौघीही छळछावण्यांत गेल्या. सुमारे एक लाख तीस हजार लोक देश सोडून गेले, पासष्ट हजार मारले गेले. शहराची लोकसंख्या पुन्हा वीस लाखांवर जायला २०२३ उजाडलं.

गेलेल्यांतले काही आपल्याकडे आले. वॉल्टर लँगहॅमर व्हिएन्नाच्या अकादमीत शिकलेले. पत्नी ज्यू, म्हणून दोघं मुंबईला आली आणि ते टाइम्स ऑफ इंडियाचे आर्ट डायरेक्टर झाले. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी चित्रकार जमायचे, रझा, आरा असे तेव्हा कुणी न ओळखणारे तरुण. एमॅन्युएल श्लेसिंगर हेही व्हिएन्नाचे निर्वासित, या पोरांची चित्रं विकत घ्यायचे. लहानपणी जहांगीरमध्ये बाबांनी मला रझांचं एक चित्र दाखवलं होतं, लालभडक. त्यातल्या रंगाच्या धीटपणात एखादा थेंब इथला असेल का, असा विचार मी सेसेशनच्या त्या कोबीखाली उभी राहून करत होते. पुरावा नाही. पण रविवारी त्या घरात चहा झाला होता, हे खरं.

दुकानांत मात्र सगळे परत आलेत. क्लिम्टचा सोनेरी 'चुंबन' कपांवर, छत्र्यांवर, मोज्यांवर. त्यानेच काढलेलं आडेले ब्लोख-बाउअर या ज्यू बाईचं सोनेरी चित्रसुद्धा फ्रिजच्या चुंबकावर मिळतं. मूळ चित्र नाझींनी तिच्या कुटुंबाकडून लुटलं, मग पन्नासहून अधिक वर्षं ते सरकारी संग्रहालयात होतं. २००६ मध्ये तिच्या भाचीने भांडून मिळवलं आणि साडेतेरा कोटी डॉलर्सना विकलं. आता न्यूयॉर्कला आहे. मी चुंबक घेतला. घेऊन झाल्यावर बरं वाटेना.

शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूची ७१ पकडली. दफनभूमी १८७४ सालची, अडीच चौरस किलोमीटर, आत तीस लाख मृत, म्हणजे वर चालणाऱ्यांपेक्षा आत झोपलेले जास्त. सगळे दुसऱ्या गेटवर उतरतात. बीथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स तिकडे एकमेकांजवळ आहेत, ताजी फुलं, बाकं, नकाशा. मधोमध घुमटाचं देखणं चर्च, त्याच्या तळघरात लुएगर. पाणी देणारा माणूस, म्हटलं, बरोबर मधोमध आहे.

मी पुढे न थांबता मागे चालत पहिल्या गेटला आले. जुना ज्यू भाग इथे आहे. फुलवाला नाही. आत शिरलं की वाट आहे, मग वाट नाही, मग नुसती आयव्ही. काळ्या ग्रॅनाइटच्या शिळा कलल्या आहेत, काहींवर झाडं उगवली आहेत. पानं ओली होती, माझे बूट आवाज करत नव्हते, म्हणून समोरचं हरीण बराच वेळ चरत राहिलं. मग मान वर केली, मला बघितलं, आणि घाई न करता दोन कबरींच्या मधून गेलं. इथे हरणं राहतात हे ऐकलं होतं. त्यांना कुणी हटकत नाही. फुलं वाहायला यायची ती माणसं नाहीत.

एका शिळेपाशी थांबले. जोडप्याची होती, मध्ये उभी रेघ. डावीकडे नवऱ्याचं नाव, खाली व्यवसाय, वकील, आणि १९३१. उजवीकडचा अर्धा भाग तसाच गुळगुळीत घासून ठेवलेला. त्यावर नाव नाही, साल नाही. पुढे दोन रांगा चालले. अशा शिळा मोजायला लागले आणि सातवर थांबले.

फोन वाजला. मागे बाळ टाहो फोडत होतं.

"आई, उठलाय गं हा. कुठे आहेस? एकाहत्तर पकडलीस का?"

"अजून नाही," म्हटलं, आणि गेटाकडे निघाले.